पाय हवेत होता

...नाही नाही, घसरला वगैरे म्हणूच नका! पाय हवेत होता. इथं, असा, पेडलपासून चांगला वीतभर वर, तुम्हाला सांगतो, चप्पल नुसती अंगठ्यावर लोंबत होती, इतका हवेत! आणि तरी जो भेटतो तो मान वाकडी करून विचारतो, "काय अबू हायेल, पाय घसरला म्हणे?" अरे घसरायला पाय कशावर तरी असावा लागतो की नाही? हवेवरून घसरलेला माणूस पाहिलाय का कुणी?

आणि हे कुणाला विचारतात? मला! या सल्त गावात ज्याला गाडी चालवता येते त्याला ती मी शिकवली आहे, आणि ज्याला येत नाही त्यानं दुसरीकडं क्लास लावला होता. सल्तमध्ये सपाट जागा नाही हो. सपाट म्हणाल तर घरातलं टेबल, आणि त्याच्याही एका पायाखाली पुठ्ठा घातलेला. इथं चढावर गाडी थोपवणं ही खरी विद्या. मी मागच्या चाकाच्या मागं चहाचा रिकामा ग्लास ठेवायचो आणि म्हणायचो, "आता निघा." ग्लास फुटला, उद्या या. नाही फुटला, झालात ड्रायव्हर. तीस वर्षं हेच केलं. उम्म हायेल, म्हणजे आमची मंडळी, अजून म्हणते, "घरात सहा ग्लासांचा सेट कधी पुरता पाहिलाच नाही मी." असल्या माणसाचा पाय घसरतो होय?

सगळं या नव्या गाडीनं केलं. कंपनीचं नाव घेत नाही, त्यांच्याकडं वकील असतात. जुनी होती तिचं कसं, पाय दिला की जायची, काढला की थांबायची. नवराबायकोत नसतो इतका समजूतदारपणा होता आमच्यात. पण हायेलला, आमच्या चिरंजीवांना, बँकेत बढती मिळाली, आणि म्हणाला, "बाबा, आता नवी घ्या." घेतली. पांढरीशुभ्र. आत शिरलं की दिवे लागतात, पट्टा लावला नाही की ती ओरडते, लावला की आभार मानते. म्हटलं, वा. आणि पाय दिला.

आणि गाडी... विचार करायला लागली.

म्हणजे काय सांगू तुम्हाला, इंजिन चालू आहे, गिअर पडलाय, मी पाय दिलाय, आणि गाडी जागेवर. विचार. मागचा हॉर्न वाजवतोय, मी थोडा जास्त पाय देतोय, ही आपली विचारच करतेय. शेवटी म्हटलं जाऊ दे, आणि पाय काढला. आणि बरोब्बर तेव्हा बाईसाहेबांचा विचार पक्का झाला! भुर्रर्रकन अशी उधळली की उम्म हायेलच्या तोंडातली खारी बी मागच्या सीटवर सापडली. आणि रोज नाही हं! रोज करती तर परवडलं असतं. चार दिवस शहाणी, पाचव्या दिवशी एकदम वारं भरल्यासारखी.

नेली अम्मानला, वर्कशॉपमध्ये. तिथं इंजिनियर वाएल. स्वच्छ शर्ट, हाताला तेलाचा एक डाग नाही, तेव्हाच ओळखायला हवं होतं. त्यानं एक वायर गाडीत खुपसली, एक कॉम्प्युटरमध्ये, आणि म्हणतो, "काका, कॉम्प्युटर म्हणतो काही नाही." मी म्हटलं, "मी म्हणतोय ना, आहे." "हो काका, पण कॉम्प्युटर..." "अरे कॉम्प्युटर बसला होता का गाडीत?" मग चक्कर मारायला गेलो. काय वागली हो गाडी! पाहुणे आल्यावर हातावर हात ठेवून बसणारं कार्टं असतं ना, तशी. वाएल म्हणतो, "काका, ही आधुनिक गाडी आहे. ती शिकते. सध्या तुमचा पाय ओळखायला शिकतेय. थोडा वेळ द्या तिला."

शिकतेय! माझ्याकडनं! मी म्हटलं, "शिकाऊ आहे तर तशी पाटी लाव ना बाबा तिच्या मागं!" तो हसला. सगळे हसतात. हसण्यावारीच गेलं आयुष्य.

तर त्या शुक्रवारी काय झालं ते ऐका. खाली घोरात, म्हणजे नदीच्या खोऱ्यात गेलो होतो, टोमॅटो आणायला. हा माझा शुक्रवारचा नेम. कुणाला सांगायचं नाही, कुणाला विचारायचं नाही, किल्ली उचलायची, उतार उतरायचा, खाली हवा बदलते, कान उघडतात, पेटीभर टोमॅटो घ्यायचे आणि वर यायचं. माणूस निवृत्त झाला की त्याच्याकडं उरतं काय हो? एक किल्ली. खिशात वाजली की वाटतं, आहोत अजून.

परत आलो. आमची गल्ली म्हणजे डाव्या हाताला माझं फाटक, उजव्या हाताला अबू नझ्मीचं. हा अबू नझ्मी माझा बालमित्र. फाटकाच्या आत द्राक्षाच्या वेलाचा मांडव घातलाय, त्याखाली चहा पीत बसलेला असतो, उन्हाळा असो की हिवाळा. मी गल्लीच्या तोंडाशी वळलो, हलकासा पाय दिला. गाडी विचार करायला लागली. मी लगेच ओळखलं. पाय उचलला. वर! हवेत! उम्म हायेल म्हणाली, "अहो..." आणि पुढचं तिचं वाक्य आम्ही अबू नझ्मीच्या अंगणात ऐकलं.

फाटक भिंतीवर, भिंत खांबावर, खांब मांडवावर, मांडव अबू नझ्मीवर. माणूस दिसेना. नुसता वेल आणि द्राक्षं. आणि वेलातून आवाज आला, "कोण आहे?" मी म्हटलं, "मी, अबू हायेल." तर आतून म्हणतो, "मग बाहेर का उभा? आत ये ना!"

आत तर आलोच होतो.

बाहेर काढला त्याला. गुडघा खरचटलेला, कानात पानं, हातात चहाचा ग्लास तसाच, थेंब सांडला नाही. मी म्हटलं, "अबू नझ्मी, देवाशप्पथ, पाय हवेत होता." तो माझ्याकडं बघून म्हणतो, "असेल असेल. बस आधी." अहो ते "असेल असेल" जे होतं ना, आजारी माणसाला म्हणतात तसं, ते मला त्या पडलेल्या भिंतीपेक्षा लागलं.

आणि आमच्या चिरंजीवांनी काय म्हणावं? हायेल आला, गाडी बघितली, मला बघितलं, खांद्यावर हात ठेवला. "बाबा, वय झालं की होतं असं. ब्रेक समजून दुसराच..." मी म्हटलं, "अरे तुला गाडी कुणी शिकवली?" म्हणतो, "तुम्हीच. पण तेव्हा तुम्ही तरुण होता."

आता आमच्याकडं असं आहे की गाडीनं माणसाला नुसता धक्का जरी लावला तरी प्रकरण दोन घरांत राहत नाही. अबू नझ्मी म्हणत होता, जाऊ दे. पण त्याचे चुलतभाऊ जमले ना! "जाऊ दे कसं? आमच्या माणसावर मांडव पडला! जाहा आलीच पाहिजे!" जाहा म्हणजे वडीलधाऱ्यांचं मंडळ. ज्याची चूक त्याच्या बाजूनं प्रतिष्ठित माणसं ज्याचं नुकसान झालं त्याच्या घरी जातात, चूक कबूल करतात, माफी मागतात. समोर कडू कॉफी ठेवतात, पण माफी मिळेपर्यंत तिला हात लावायचा नाही. माफ केलं की प्यायची. सोयरीक असो, भांडण असो, खून असो, द्राक्षाचा वेल असो, कॉफी तीच.

मंडळाचे म्होरके हाजी मिफ्लेह. पांढरी दाढी, खांद्यावर काळा अंगरखा, बोलायला लागले की दगडाला पाझर. जमले सगळे माझ्या घरी. आणि जायचं कुठं? समोर! माझ्या दारातून शिंकलं तर अबू नझ्मी म्हणतो, अल्ला भलं करो. मी म्हटलं, "चला, ओलांडू गल्ली." हाजी म्हणाले, "पायी? जाहा पायी जाते होय? लोक काय म्हणतील?" मग सगळे गाड्यांत बसले. आमच्या गल्लीत गाड्या वळत नाहीत. म्हणून खाली उतरले, बाजाराला वळसा, शाळेवरून वर, मशिदीपाशी सगळ्यांची वाट पाहिली, आणि वाजतगाजत माझ्याच दारासमोर येऊन उतरले. मी कुठल्यातरी गाडीच्या मागच्या सीटवर, दोन जाड मामांच्या मधे. गुन्हेगारानं मागंच बसायचं असतं.

कॉफी आली. हाजींनी पेला समोर तसाच ठेवला आणि सुरू केलं. "अबू नझ्मी, आम्ही तुमच्या दारी मान खाली घालून आलो आहोत. आमच्या माणसाचा पाय चुकला..."

"चुकला नाही!" मी म्हटलं.

तुम्हाला सांगतो, पन्नास माणसं, पन्नास पेले, आणि सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. हायेल माझा कोट ओढतोय. मी म्हटलं, "ओढू नकोस! पाय हवेत होता!" हाजी माझ्याकडं न बघताच म्हणाले, "पाय कुठं होता ते अल्ला जाणे. आम्ही तो चुकला असं मानून आलो आहोत. कॉफी निवतेय." संपलं! तीस वर्षांची विद्या, आणि कॉफी निवतेय म्हणून पाय चुकला!

अबू नझ्मी उठला. म्हणाला, "भिंत माफ, मांडव माफ, गुडघा माफ. कॉफी प्या. फक्त एक विनंती. अबू हायेल मला भावासारखा आहे, त्याच्या जिवाला काही होऊ नये. गाडीची किल्ली हायेलकडं राहू दे." सगळे म्हणाले, "वा! काय काळजी!" आणि पन्नास माणसांनी एकदम कॉफी प्यायली. मी खिशातून किल्ली काढली आणि मुलाच्या हातात दिली. खोटं कशाला सांगू, कुनाफा आला पुढं, गरम, वर पिस्ता, पण मी ताटली तशीच शेजारच्या मामाकडं सरकवली.

पुढचे शुक्रवार मी खिडकीत बसून काढले. टोमॅटो हायेल आणायचा. पिचके.

मग एक दिवस अबू नझ्मी आला. दारात उभा राहिला, खाली बघत म्हणाला, "अबू हायेल, माझं चुकलं. दोस्ताची किल्ली काढून घेतली मी. चल, दाखव मला. मी चालवतो, तू शेजारी बस. केलं तिनं तसं, तर भर चौकात सांगेन की मास्तर खरा." मी म्हटलं, "किल्ली कुठाय?" तर आतून उम्म हायेल आली, मसुरीच्या डब्यात हात घातला आणि दुसरी किल्ली काढली. नव्या गाडीला दोन मिळतात. इतके दिवस मसुरीत! मी म्हटलं, "बोलली नाहीस ती?" म्हणाली, "तुम्ही विचारलं नाहीत."

निघालो. अबू नझ्मी आयुष्यभर एक जुना पिकअप चालवत आलाय, त्याला दार उघडायला लाथ मारावी लागते. त्यानं हिला लाथ मारली नाही एवढंच. मी शेजारी. आता शिकवणाऱ्याच्या बाजूला ब्रेक असतो ना, त्याची सवय, माझा पाय आपोआप खालचं कार्पेट दाबत होता. गाडी काय चालली म्हणता! चढावर शहाणी, उतारावर शहाणी, सिग्नलला शहाणी. अबू नझ्मी सीटवर मागं रेलला, गाणं म्हणायला लागला. "बघ," म्हणतो, "लोण्यासारखी. मास्तर, राग मानू नकोस, पण पायच असेल तो." मी कार्पेट दाबत राहिलो.

गल्लीत वळलो. माझं फाटक समोर. त्यानं हलकासा पाय दिला. आणि गाडी... विचार करायला लागली.

मी ओरडलो, "पाय काढ! वर घे!" त्यानं घेतला. एक नाही, दोन्ही घेतले, गुडघे स्टिअरिंगला! मीही घेतले, का घेतले विचारू नका. दोन म्हातारे, चार पाय, चारही हवेत! आणि भुर्रर्र... माझी भिंत, भिंतीमागची फळी, आणि फळीवर उम्म हायेलनं वर्षभरासाठी अक्रोड भरून तेलात मुरत घातलेली वांग्यांची बरणी न् बरणी. काचेवरून वांगी ओघळत होती, आतला अक्रोड बाहेर.

आयुष्यात स्वतःची भिंत पडलेली बघून इतका आनंद कुणाला झाला नसेल! अबू नझ्मी पांढराफटक. ओठ हलतायत. मी म्हटलं, "बोल. पाय कुठं होता?" म्हणतो, "हवेत." मी म्हटलं, "मोठ्यानं." "हवेत होता रे!" मी त्याचा मुका घेतला, तुम्हाला सांगतो, तेलासकट.

पण आनंद किती टिकावा? आमच्याकडचे चुलतभाऊ जमले. "अबू नझ्मीनं आमची भिंत पाडली! वांगी गेली! जाहा आलीच पाहिजे!" आली. म्होरके कोण? हाजी मिफ्लेह! तोच अंगरखा. आता ते त्या बाजूनं. पुन्हा समोरच्या घरातून गाड्यांत बसले, बाजार, शाळा, मशीद, आणि माझ्या दारात. पेला समोर ठेवला. "अबू हायेल, आमच्या माणसाचा पाय चुकला..."

"चुकला नाही!" अबू नझ्मी उभा राहिला. दोस्त शब्दाला जागला हो! "पाय हवेत होता! गाडी आपोआप गेली! मास्तर पहिल्यापासून खरं सांगत होता!" माणसं एकमेकांकडं बघायला लागली. त्याचा मुलगा त्याचा कोट ओढतोय. मनात म्हटलं, हीच वेळ. आज यजमान मी, शेवटचा शब्द माझा. उभा राहिलो. म्हटलं, "मंडळी, हा अक्षर न् अक्षर खरं बोलतोय. मी शेजारी होतो. माझ्या या डोळ्यांनी पाहिलं. पाय हवेत होता."

बसलो. बघतो तर हाजींच्या डोळ्यांत पाणी! "वा अबू हायेल," म्हणतात, "भिंत तुमची पडली, वांगी तुमची गेली, आणि तरी पाहुण्याची लाज राखायला तुम्ही हे बोलता! याला म्हणतात मन!" मी म्हटलं, "मन कसलं? खरंच..." "पाहा, अजून राखतोय!" मी शपथ घेतली. दोघेजण रडले. मी उम्म हायेलच्या वांग्यांची शपथ घेतली. एक मामा उठून माझ्या कपाळाचा मुका घेऊन गेला. जितकं खरं बोलावं तितका मी मोठा होत गेलो! सगळ्यांनी कॉफी प्यायली, आणि अबू नझ्मीच्या मुलानं बापाच्या खिशातून पिकअपची किल्ली काढून घेतली. आणि माझ्या वाट्याला? मसुरीतली किल्लीही हायेलनं नेली.

आता ऐका. मंडळ उठलं. हायेल अदबीनं म्हणाला, "हाजी, तुम्हाला मी घरी सोडतो." गाडीला काय झालं होतं? काही नाही! बंपर वाकडा, दिव्यात वांगं, बाकी ठणठणीत. हाजी मागं बसले, डोळे मिटून माळ ओढत. आणि थोड्या वेळानं फोन आला. हायेल हाजींना अगदी घरी सोडून आला होता. फाटकातून, बागेतून, पार बैठकीच्या पायरीपर्यंत.

धावत गेलो. हाजींच्या कपाळाला पट्टी. पोरगं पायरीवर बसलेलं, टाय मानेमागं. मला बघितलं आणि म्हणाला, "बाबा... पाय हवेत होता."

मी म्हटलं, "हाजी, तुम्ही तर गाडीतच होता!" हाजी म्हणाले, "मी मागं होतो. मागून पाय दिसत नाहीत."

झाली तिसरी जाहा. पण म्होरक्या कोण? हाजी तर या वेळी नुकसानवाले. सगळे म्हणाले, त्यात काय विचारायचं, मोठ्या मनाचा माणूस गावात एकच! मला अंगरखा घातला. पहिल्या गाडीत पुढं बसवलं. हाजींच्या घरी मधल्या कोचावर बसलो, आणि कॉफी माझ्यासमोर आली. म्हटलं, आता सांगतो. आता मला कोण अडवतो? गाडीचं सगळं काढतो, वाएलचं काढतो, कॉम्प्युटरचं काढतो. उठलो. हायेल कोपऱ्यात बसला होता, दोन जाड मामांच्या मधे, आणि माझ्याकडं बघत होता. मीही असाच बघत होतो हो, पहिल्या वेळी. आणि तेवढ्यात कानाशी अबू नझ्मी कुजबुजला, "अबू हायेल, पन्नास माणसं आहेत. कॉफी निवतेय."

मी घसा साफ केला. म्हटलं, "हाजी, आम्ही मान खाली घालून आलो आहोत. आमच्या मुलाचा पाय चुकला."

"माफ!" हाजी म्हणाले. "प्या. फक्त एक विनंती. किल्ली कुणातरी जबाबदार, वडीलधाऱ्या माणसाकडं राहू दे." पन्नास बोटं माझ्याकडं! हायेलनं दोन्ही किल्ल्या माझ्या हातावर ठेवल्या. बाहेर पडताना हळूच म्हणाला, "बाबा, पण पाय खरंच हवेत होता."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "वय झालं की होतं असं, बाळा."

तर ही बघा किल्ली. ही खिशात, आणि दुसरी पुन्हा मसुरीत. गाडी माझी, परवानगी माझी, गावात मान माझा, आडवं येणारं कुणी नाही. आणि आज इथं कशानं आलो म्हणता?

बसनं.